घरखर्चात राक्षसी कुर्ली: महाकाय जनावराचा सिनेमा करायचा तर

आमची पहिली कुर्ली, म्हणजे खेकडा, बारा फूट रुंद होती. बांबूच्या कामट्या, खुराड्याला लावतात ती जाळी, वर्तमानपत्रं आणि मैद्याची खळ. दोन महिन्यांचे शनिवार-रविवार खपून केली, टेम्पोत घालून सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यावर नेली, भर उन्हात वाळूवर मांडली आणि कॅमेऱ्यातून बघितलं. विसर्जनानंतर मंडळाने मागे टाकलेला देखावा वाटत होता. जमलेली पोरं तिच्या पाठीवर बसून फोटो काढायला लागली.

त्याच संध्याकाळी वैतागून आम्ही तिची एक नांगी सोडवली. दिवेलागणीच्या उजेडात, पाण्यात उभ्या केलेल्या होडीच्या काठामागून ती हळूच वर आणली. टोकावरून पाणी ठिबकत होतं. होडीतल्या नटाचा हात वल्ह्यावर थांबला. नांगी काठावर टेकली आणि फळी करकरली. दुपारी पाठीवर बसलेल्या पोरांपैकी एक दोन पावलं मागे सरकला.

बावीस मिनिटांच्या त्या फिल्ममध्ये आख्खी कुर्ली जेमतेम चार सेकंद आहे. नांगी तीन मिनिटं आहे. प्रेक्षक जनावर मोजत नाही, त्याच्या शेजारची वस्तू मोजतो, एवढी एक गोष्ट तेव्हा डोक्यात बसली. खाली जे लिहिलंय ते सगळं तिथूनच निघालंय. उदाहरण कुर्लीचं घेतलंय, कारण तेच मी केलंय. तुम्ही सरडा घ्या, विंचू घ्या, पद्धत तीच.

पायरी १: जनावर निवडा, पण आधी त्याची चाल बघा

मोठं केल्यावर भीती वाटेल असंच जनावर घ्यायचं, हे बोलायला सोपं आहे. १९७२ साली हॉलिवूडमध्ये महाकाय सशांवर ‘नाइट ऑफ द लेपस’ नावाचा सिनेमा निघाला. खऱ्या सशांना छोट्या प्रतिकृतींमधून पळवलं, स्लो मोशन लावलं, तोंडाला लाल रंग फासला. ससा शेवटी ससाच दिसला. १९५९ च्या ‘द किलर श्रूज’मध्ये तर कुत्र्यांना केसाळ कातडी पांघरून चिचुंद्र्या म्हणून सोडलं होतं, आणि पडद्यावर ती कुत्रीच दिसतात, कारण धावणं कुत्र्याचं होतं.

स्वस्तात करायचं असेल तर माझं मत असं: केसाळ जनावर टाळा, कवचाचं घ्या. केस ओले झाले, वाऱ्यावर उडाले, दोन शॉटमध्ये वेगळे दिसले की खेळ संपला. कवच कडक असतं, कागद आणि फोममध्ये बनतं, आणि त्याचा एक तुकडाही पुरे जनावर सुचवतो. खेकडा, विंचू, गोम, कासव, मगर ही कामाची मंडळी. सापाला पाय नाहीत, ही मोठीच सोय. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’मध्ये अजस्र नाग पडद्यावर आणला आणि त्याच्यासमोर कृष्ण म्हणून स्वतःची छोटी मुलगी मंदाकिनी उभी केली. समोर लहान मूल असलं की नाग आपोआप मोठा होतो. शंभर वर्षांपूर्वीची युक्ती आहे, आजही फुकट आहे.

जनावर ठरलं की खरं जनावर तासभर बघा. बाजारातून जिवंत कुर्ली आणलीत तर ती कशी थांबते, कशी नांगी उघडून धमकावते, पळताना कुठला पाय आधी टाकते, हे मोबाइलवर टिपून ठेवा. ते फुटेज पुढे सोन्यासारखं उपयोगी पडतं. फक्त अभ्यासासाठी हं. फिल्ममध्ये जिवंत प्राणी वापरायचा असेल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची आधी परवानगी लागते, आणि घोरपड, साप, कासव यांना हात लावणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली थेट गुन्हा ठरू शकतं. बनावट जनावर हेच स्वस्तही आणि सुरक्षितही.

पायरी २: गोष्ट खर्चाच्या मापाने लिहा

आधी पटकथा आणि मग खर्च, असा क्रम आपल्याला परवडत नाही. आधी यादी करा: फुकट काय काय मिळतंय? मामाची होडी, बंद पडलेला बर्फाचा कारखाना, मित्राची टपरी, एक जुना ट्रॅक्टर. गोष्ट त्यात बसवा. तीन जागा, पाच माणसं, त्यातली दोन लवकर मरणारी (त्यांना एकाच दिवशी बोलावता येतं).

जनावराचा कमकुवत दुवा त्याच्या शरीरातूनच काढा. कुर्ली वाढते ती कात टाकून, आणि नवं कवच कडक होईपर्यंत ती मऊ असते. आमचा शेवट यावरच होता: हिला मारायचं तर ती कात टाकेल त्या रात्री. शिवाय कोकणात अमावास्येच्या कुर्ल्या भरलेल्या असतात असं म्हणतात, म्हणून हल्ले अमावास्येचे. अमावास्येची रात्र म्हणजे काळोख, आणि काळोख म्हणजे बनवलेल्या वस्तूचे सांधे न दिसणं. गोष्ट आणि बजेट असं एकमेकांच्या मदतीला आलं पाहिजे.

रॉजर कॉर्मन या अमेरिकी निर्माता-दिग्दर्शकाने १९५७ साली सुमारे सत्तर हजार डॉलरमध्ये महाकाय खेकड्यांचा सिनेमा काढला. लेखकाकडे त्याची अट होती की प्रत्येक प्रसंगात एकतर काही घडलं पाहिजे, नाहीतर आता घडेल अशी धाकधूक राहिली पाहिजे. खेकडा आज बघून हसू येतं. सिनेमा तरी ढिला पडत नाही. पटकथा झाली की प्रत्येक सीनपुढे ‘घडतं’ किंवा ‘धाकधूक’ लिहा. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही तो काढा. आमचे सहा सीन असेच गेले, त्यात माझं लाडकं प्रेमप्रकरणही होतं.

पायरी ३: शॉटची शिधापत्रिका

एका कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात जनावर न दिसता त्याचं अस्तित्व कळतं असे शॉट: फाटलेलं जाळं, वाळूवर उमटलेली आडवी ठशांची रांग, पाण्याची फुगत येणारी रेघ, मागे बघणारा चेहरा. दुसऱ्यात जनावराचा तुकडा: नांगी, डोळ्याचा देठ, पायाचं टोक. तिसऱ्यात आख्खं जनावर. वीस-पंचवीस मिनिटांच्या फिल्मला पहिल्या रकान्यात साठ, दुसऱ्यात पंचवीस आणि तिसऱ्यात फार तर सहा शॉट. तिसऱ्या रकान्यातला सातवा शॉट हवासा वाटला तर आधीचा एक खोडायचा.

शार्कवरच्या ‘जॉज’ सिनेमाचं चित्रीकरण १९७४ साली झालं तेव्हा खाऱ्या पाण्याने यांत्रिक शार्क सारखा बंद पडायचा, आणि ५५ दिवसांचं वेळापत्रक १५९ दिवसांवर गेलं. मासा चालत नाही म्हणून त्याला अडकवलेली, पाण्यावर पळणारी पिवळी पिंपं दाखवली. पहिला तासभर मासा नीट दिसतच नाही, आणि तोच तास सगळ्यात भीतीचा आहे. त्यांच्यावर जी वेळ आली ती आपण आधीच ठरवून आणायची.

पायरी ४: एक नांगी, पण खणखणीत

सगळे पैसे एका तुकड्यावर लावा. आमची नांगी साडेचार फुटांची, एका माणसाला दोन हातांनी पेलेल इतपत वजनाची.

सांगाडा बांबूच्या कामट्यांचा. लोखंडी सळई भक्कम असते, पण दहा मिनिटांत हात भरून येतात आणि नांगी थरथरते. कामट्या काथ्याने बांधा, वर जाळी, जाळीवर कागदाचे सहा-सात थर. खळीत बाइंडरवाले घालतात तसा चिमूटभर मोरचूद टाकला तर कीड लागत नाही (विषारी आहे, हातमोजे घाला, पोरांपासून दूर ठेवा). पाण्यात जाणार असेल तर कागद विसरा. ईव्हीए फोमची दहा मिलिमीटरची शीट घ्या, हीट गनने गरम करून वळवा, चपला चिकटवायच्या सोल्यूशनने जोडा. खिडक्या उघड्या ठेवा, वासाने डोकं धरतं. थर्माकोलच्या नादी लागू नका: स्प्रे पेंट मारला की विरघळतो, पाण्यात बुडायला तयार नसतो, शिवाय त्याच्या कणांनी किनारा घाण होतो.

रंगाआधी पृष्ठभाग. गुळगुळीत वस्तू कॅमेऱ्यात लहान दिसते. मोठं काहीतरी म्हटलं की त्यावर तपशील लागतात: खळगे, ओरखडे, चिकटलेली कालवं. आम्ही लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून खडबडीत थर दिला, त्यावर खऱ्या कालवांच्या शिंपल्या चिकटवल्या, पण फक्त बारीक. मोठी शिंपली लावलीत तर नांगी नेहमीच्या कुर्लीएवढी वाटायला लागते. पुन्हा तेच, शेजारची वस्तू. रंग आधी गडद, मग कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका. शेवटी शॉटच्या आधी ग्लिसरीन आणि पाण्याचा फवारा. ओलं दिसलं की निम्मे दोष झाकतात.

हालचालीसाठी सायकलच्या ब्रेकची केबल. नांगीचा वरचा जबडा बिजागरीवर, आत केबल, मागे ब्रेकचा दांडा. बंद व्हायला दांडा ओढायचा, उघडायला आत रबर. मोटरच हवी असेल तर गाडीच्या वायपरची घ्या. पुण्या-मुंबईतल्या गणपतींचे हलते देखावे करणाऱ्या कारागिरांकडे एक दुपार घालवलीत तर इंटरनेटवरच्या महिनाभराच्या व्हिडिओंपेक्षा जास्त शिकाल. गोव्यात ओळख असेल तर दिवाळीच्या आधीचे आठ दिवस गाठा. नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळायचे भलेथोरले नरकासुर तिथे गल्लोगल्ली पोरंच बांधतात, आणि हातात बांबू, गवत, कागद एवढंच असतं.

लाळ, चिकटा वगैरे: इसबगोल पाण्यात भिजवून ठेवा, किंवा साबुदाणा शिजवून पातळ पेज करा. तार धरते. कुर्लीचं रक्त तांब्यामुळे निळसर असतं, म्हणून लाल रंगाऐवजी कॉर्नफ्लोरच्या पेजेत निळा खायचा रंग घातला. प्रेक्षकांना हे कारण कुणी सांगितलं नाही, पण लाल न दिसल्याने रक्त टोमॅटो सॉससारखं वाटलं नाही.

पायरी ५: लहानाचं मोठं करण्याचं गणित

इथे थोडं थांबू या, कारण नव्वद टक्के घरगुती फिल्मा इथेच पडतात.

पहिली युक्ती म्हणजे अंतराची फसवणूक. दीड फुटाची नांगी कॅमेऱ्यापासून तीन फुटांवर, आणि माणूस तीस फुटांवर. अंतर दहापट, म्हणून नांगी माणसाशेजारी पंधरा फुटांची दिसते. अटी तीन. दोघंही स्पष्ट दिसले पाहिजेत, म्हणून मोबाइलची अल्ट्रावाइड लेन्स वापरा, तिच्यात जवळपास सगळंच फोकसमध्ये राहतं. कॅमेरा तिपाईवरून हलता कामा नये, हलला की जवळचं आणि लांबचं वेगळ्या गतीने सरकतं आणि भांडं फुटतं. तिसरी अट सावलीची: वाळूवरची नांगीची सावली माणसापर्यंत पोचत नाही हे लगेच दिसतं. यावर उपाय म्हणजे ढगाळ दिवस. पावसाच्या तोंडावर कोकणात जो राखाडी उजेड असतो त्यात सावल्याच पडत नाहीत. शिवाय महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या झापांखाली ओढून ठेवलेल्या असतात, आणि होडीवाल्यांना बोलायला वेळ असतो. कॅमेऱ्याला तेवढी छत्री धरायला एक माणूस ठेवा.

दुसरी युक्ती प्रतिकृतीची. छोटी टपरी, छोटी होडी, त्यावर पडणारी नांगी. इथे वेळ फसवावा लागतो. खरी टपरी कोसळायला जेवढा वेळ घेते त्यापेक्षा तिची पंचविसाव्या हिश्श्याची प्रतिकृती पाचपट लवकर कोसळते, कारण पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गावर ठरतं. म्हणून नियम असा: प्रतिकृती जितक्या पट लहान, त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि २४ ने गुणा (सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, दाखवतात). तेवढ्या फ्रेम दर सेकंदाला टिपा आणि २४ ने दाखवा. सोळा पट लहान असेल तर ९६ फ्रेम. पंचवीस पट लहान असेल तर १२०, आणि मोबाइलमध्ये १२० असतंच. त्यामुळे आमची सगळी टपऱ्या-घरं पंचवीस पट लहान.

कॅमेऱ्याची उंचीही त्याच हिशोबात. माणसाची नजर जमिनीपासून साधारण १६० सेंटीमीटरवर असते, पंचवीस पट लहान जगात ती साडेसहा सेंटीमीटर. म्हणजे मोबाइल जवळजवळ जमिनीला टेकवून, लेन्स खालच्या बाजूला येईल असा उलटा धरा. वरून घेतलात की खेळणं दिसणार.

हे चित्रण गच्चीवर, उन्हात करा. घरातल्या दिव्यांखाली १२० फ्रेमवर चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि बरेच दिवे सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात. आम्ही अख्खी रात्र एका हॉलमध्ये शूट करून सकाळी हे शोधून काढलं. आणि पाणी? पाण्याचे थेंब आपला आकार बदलत नाहीत, छोट्या होडीवरून ओघळणारा थेंब फुटबॉलएवढा वाटतो. भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकल्याने थोडा फरक पडतो, पण शक्यतो पाण्याचे शॉट खऱ्या मापातच, खऱ्या नांगीने घ्या.

जनावराचा वेगही यातच आला. लांबी दहापट केली तर वजन हजारपट होतं आणि पायाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे ताकद, शंभरपटच वाढते. खरं तर असं जनावर उभंच राहू शकणार नाही. निदान ते जड तरी वाटू द्या: पाऊल टाकायच्या आधी थांबा, टाकल्यावर वाळू बसते, मग पुढचं पाऊल.

पायरी ६: कॉम्प्युटर, जेवणातल्या मिठाइतका

ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं हलवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एका चांगल्या लॅपटॉपवर चालतं. दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्सने २०१० च्या ‘मॉन्स्टर्स’चे सुमारे अडीचशे इफेक्ट शॉट स्वतःच्या कॉम्प्युटरवर एकट्याने केले, पण तो त्याआधी वर्षानुवर्षं हेच काम करत होता. तुम्ही पहिल्यांदा करत असाल तर आख्ख्या जनावराचे ते सहा शॉट, बस्स.

शूटच्या वेळी प्रत्येक जागी स्टीलचा मोठा वाडगा पालथा धरून एक फोटो काढा. आकाश, सूर्य, समुद्र सगळं त्यात उमटतं, आणि नंतर कॉम्प्युटरमधल्या कुर्लीवर उजेड कुठून पडला पाहिजे हे त्यावरून कळतं. कवचापेक्षा पायाखालची सावली आणि उडणारी वाळू यावर जास्त वेळ घाला. आणि जनावर मुद्दाम थोडं धूसर करा, मोबाइलच्या चित्रात जेवढा रवाळपणा आहे तेवढा त्यातही मिसळा. एआयने व्हिडिओ बनवून देणारी साधनं आम्हीही वापरून पाहिली. एका शॉटमध्ये कुर्लीला आठ पाय, पुढच्यात अकरा. रांगत येणाऱ्या धुक्यासाठी मात्र चालली.

पायरी ७: किनाऱ्यावर

ग्रामपंचायत आणि पोलिस ठाणं, दोन्हीकडे लेखी अर्ज. ड्रोन उडवायचा विचार असेल तर आधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा बघा, किनाऱ्यावर मनाई असलेले पट्टे आहेत. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून सोमवारी पाच वाजता जिथे पाणी होतं तिथे शुक्रवारी पाच वाजता नसतं. एकाच प्रसंगाचे शॉट चार दिवसांवर पसरले की वाळू कधी ओली, कधी कोरडी. होडीवाल्याला विचारा, तो उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) बोटांवर मोजून सांगतो.

पाण्यातल्या प्रत्येक माणसाला लाइफ जॅकेट, कपड्याच्या आत का होईना. नांगी चालवणाऱ्याला तर आधी. तो पाण्याखाली वाकलेला असतो, त्याला बाहेरचं काही दिसत नाही, आणि दिग्दर्शक ‘अजून एकदा’ म्हणत राहतो. त्याच्यासाठी एक माणूस नुसता उभा ठेवा, ज्याचं काम फक्त त्याच्याकडे बघणं.

नटांना नजर द्या. बांबूला लाल चिंधी बांधून कुर्लीच्या डोळ्याच्या उंचीवर धरा. सगळे वेगवेगळीकडे बघत किंचाळले तर ब्लेंडरमधली कितीही सुंदर कुर्ली तो शॉट वाचवू शकत नाही.

पायरी ८: आवाज, म्हणजे निम्मी कुर्ली

जपानमध्ये १९५४ साली ‘गोजिरा’ची, म्हणजे गॉडझिलाची, डरकाळी कुठल्याच जनावराची नव्हती. संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या सूचनेवरून राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बासच्या सैल तारांवरून ओढला होता. म्हणजे आवाज स्वयंपाकघरातून आणि माळ्यावरूनच काढायचा.

आमच्या कामी आलेलं: नांगी मिटण्याला दोन करवंट्या, आणि त्याच्याखाली जाड ऊस मोडल्याचा आवाज. चालण्याला वाळलेल्या झावळ्या सिमेंटवर ओढून. श्वासाला सायकलचा पंप. सगळं रात्री दोननंतर, पंखा आणि फ्रिज बंद करून मोबाइलवर टिपलं. मग निम्म्या वेगाने चालवलं. निम्मा वेग म्हणजे पट्टी एक सप्तक खाली, करवंटी एकदम दगडासारखी वाजते.

एक खाच लक्षात ठेवा. फार खालचा घुमणारा आवाज मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, आणि तुमचे बहुतेक प्रेक्षक मोबाइलवरच बघणार. म्हणून प्रत्येक जड आवाजाबरोबर एक मधल्या पट्टीचा थर हवाच: खडी, फांदी, कवच काहीतरी. आणि हल्ल्याच्या आधी सगळं थांबवा. रातकिडे बंद, लाटाही मंद. दोन सेकंद पुरतात.

पायरी ९: कापा आणि दाखवा

संकलनात जनावराचा शॉट तुम्हाला जिथे संपावासा वाटतो त्याच्या आठ-दहा फ्रेम आधी कापा. तुम्ही तो बनवलाय, म्हणून तुम्हाला तो जास्त वेळ बघायचा असतो.

मग मित्रांना नाही, जनावर ओळखणाऱ्या माणसांना दाखवा. आम्ही ज्यांच्या अंगणात नांगी वाळत ठेवायचो त्या मावशींना लॅपटॉपवर पूर्ण फिल्म दाखवली. वीस फुटांची कुर्ली त्यांनी निमूट मान्य केली. होडी उलटली तेव्हा पदर तोंडाशी नेला. शेवटच्या पाठलागाला मात्र त्यांनी हात वर करून फिल्म थांबवायला लावली. "कुर्ली अशी सरळ खंय चालता रे?"

ब्लेंडरमध्ये तिचे आठही पाय आम्ही पुढे चालवले होते. त्या आठवड्यात सहातले तीन शॉट पुन्हा केले. आडवे.